दुसऱ्या मनगटाची खूण

दुसराच एक पुरुष रोज सकाळी माझ्या बायकोच्या मोबाइलवर रात्रीच्या श्वासाचे आकडे मागवत होता, आणि मी, तिच्या शेजारी एकाच पलंगावर झोपणारा तिचा लग्नाचा नवरा, समोर चहात बिस्किट बुडवत बसलो होतो. आता तुम्हीच सांगा, कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

मी घड्याळं दुरुस्त करतो. बाजाराच्या तोंडाशी, किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीला लागून माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक काचेचं टेबल, एक दिवा आणि मागच्या भिंतीवर टिकटिकणारी घड्याळं, त्यातली निम्मी एकमेकांशी भांडणारी. लोक म्हणतात मी तापट आहे. म्हणोत. केसाएवढा स्क्रू चिमट्यातून उडून फरशीवर पडला की मग त्यांनी मला स्वभाव शिकवावा.

तर ते घड्याळ. तिच्या भाच्याने स्वतःला नवं घेतलं आणि जुनं मावशीला दिलं. काळा चौकोन, आत ना काटा ना चाक. पावलं मोजतं, ठोके मोजतं, आणि पाठीकडून लाल दिवा मारून म्हणे रक्तात ऑक्सिजन किती आहे तेही सांगतं. या असल्या घड्याळांनी माझ्या धंद्याचं वाटोळं केलंय. बिघडलं की लोक फेकून देतात, दुरुस्तीला आणत नाहीत. तिने ते कौतुकाने माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "एकदा घालून तर बघा." मी म्हणालो, "हे असलं मेलो तरी माझ्या मनगटावर चढणार नाही." तिने हात मागे घेतला. मला वाटलं, चला, विषय संपला.

त्याच्या रबरी पट्ट्याने तिच्या मनगटावर पुरळ उठलं. मग मीच, इतकं नाक मुरडूनही, मऊ चामड्याचा पट्टा कापला, कडा घासल्या, बक्कल बसवलं आणि सवयीप्रमाणे सात भोकं पाडली. तिचं मनगट बारीक, दुसऱ्या भोकात बरोबर बसलं. एवढं मुद्दाम सांगतोय कारण पुढे सगळं या पट्ट्यावरच येणार आहे.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते. मोठमोठ्या यंत्रांतून चादरी निघतात, त्या दोघी दोघींनी धरून घडी घालायच्या आणि मजल्यामजल्यावर पोचवायच्या. तिथे एक खोली आहे, जिथे लोकांना अंगाला तारा लावून झोपवतात आणि त्यांची झोप तपासतात. त्या खोलीचा जो तंत्रज्ञ, त्याला धुलाईघरातल्या बायका झोपमास्तर म्हणतात. आधी घरी त्याच्या गोष्टी यायच्या आणि मीही हसायचो. दुसऱ्याला झोपवायचा पगार घेणारा माणूस, हसू येणारच.

हसू आटलं ते एका सकाळी. ती आंघोळीला गेली होती, मोबाइल ओट्यावर होता, तो वाजला. मी काही मुद्दाम बघितलं नाही, डोळ्यांपुढेच होता. नाव, झोपमास्तर. खाली मजकूर: "काल ८२ पर्यंत गेलाय. परवापेक्षा खाली. पट्टा घट्ट होता ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टा. मी कापलेला पट्टा. तो घट्ट होता की सैल, हे विचारणारा हा कोण?

ती केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "हे काय आहे?"

"ऑक्सिजनचा आकडा आहे. पंचाण्णवच्या वर असला म्हणजे बरं, असं म्हणतात."

"तुला काय झालंय?"

"मला कुठे काय झालंय."

"मग तुझ्या झोपेची त्याला का पडलीये?"

काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते तिने गिळलं. "मला ते आकडे कळत नाहीत, त्यांना कळतात, म्हणून विचारते," एवढंच म्हणाली आणि डबा भरायला लागली.

"आणि मी? मी मेलोय का? मला विचारता येत नाही?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "तुमच्याशी श्वास या विषयावर बोलायची सोय आहे का?"

आता हे ती कशावरून बोलली ते मला ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ, दादा, झोपेत गेला. रात्री जेवला, हसला, झोपला, आणि सकाळी उठलाच नाही. सगळे म्हणाले, सुखाचं मरण. दिवसकार्य उरकल्यावर ही मला म्हणाली होती, "दादांसारखंच तुम्हीही घोरता, मधेच थांबता, एकदा दाखवून या." मी ताट बाजूला सारून उठलो होतो. घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण, आमचे वडीलसुद्धा घोरायचे, आणि मला आजारी ठरवून तुला काय मिळणार, असं बरंच काही मी बोललो होतो. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण म्हणून स्वतःचा श्वास परक्याच्या हवाली करायचा?

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागलो, आणि लक्ष ठेवलं की दिसतंच. एक म्हणजे, तिला मी लवकर झोपायला हवा असायचो. जेवण झालं, भांडी आवरली की सुरू, "दमला असाल, पडा ना आता." इतक्या वर्षांत माझ्या दमण्याची तिने कधी अशी चौकशी केली नव्हती. दुसरं म्हणजे, तिने माझ्या पाठीमागे एक टणक लोड ठेवायला सुरुवात केली आणि मला कुशीवर झोपायचा आग्रह करायला लागली. कुशीवर म्हणजे भिंतीकडे तोंड करून. बघा आता. नवऱ्याला लवकर झोपवायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपवायचं. याचा अर्थ काय लावायचा मी?

आणि तिसरं, तिचे डोळे. लाल, खाली काळी वर्तुळं. बसल्या जागी डुलकी घ्यायची. कपड्यांच्या घड्या घालता घालता हात थांबायचा आणि नजर कुठेतरी लागायची. मी ऐकून होतो, माणूस कुणाच्या नादी लागलं की झोप उडते. मला तर उडालेली झोप समोर दिसत होती.

माझीही तब्येत बिघडायला लागली. सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. दुकानात टेबलावर वाकलो की डोळे मिटायचे. एकदा तर एक गिऱ्हाईक बाई बराच वेळ समोर उभ्या होत्या आणि मी डोळ्याला भिंग लावून बसल्या जागी घोरत होतो. किल्ल्यावाल्याने पलीकडून आवाज दिला, "काय रे, रात्री घरफोड्या करतोस की काय? करत असशील तर किल्ल्या माझ्याकडून करून घे." बाई हसल्या. मी म्हणालो, घरात शांतता नसली की असं होतं. तो म्हणाला, "शांतता नसेल, पण झोप तर तू दोघांची घेतोस." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

संशयाने मी खंगत चाललोय, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. गंमत एवढीच की खंगूनही माझं वजन वाढत होतं आणि शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं.

मी खडे टाकून बघितले. जेवताना म्हणायचो, "काय म्हणतायत तुझे मास्तर?" ती सरळ सांगायची, "म्हणतात, एकट्या आकड्याला घाबरायचं नाही. रात्रभराची रेघ बघायची." लाज नाही, लपवाछपवी नाही. लपवलं असतं तर एक वेळ मी समजू शकलो असतो. ही तर त्याचं नाव घेताना आवाज खालीसुद्धा आणत नव्हती. मला अजूनच मिरच्या झोंबायच्या. तिच्या तोंडून कौतुक ऐकायचं म्हटलं तर माझ्या वाट्याला काय, तर डब्याचं झाकण नीट लावलंत, एवढं. आणि तो? तो म्हणे शांतपणे समजावून सांगतो. म्हणे कधी कंटाळत नाही. रोज दुसऱ्याची झोप बघत बसणारा माणूस कंटाळेल कशाला, त्याला करमणूकच आहे.

मग एक दिवस पट्ट्याच्या बक्कलाची पिन वाकली. तिने घड्याळ माझ्या हातात दिलं, "संध्याकाळपर्यंत होईल का? रात्री लागेल मला." रात्री लागेल. मी ते खिशात टाकलं.

दुकानात दिवा लावला, पट्टा सोडवला, भिंग लावलं. आणि माझा हात थांबला.

चामड्याचा पट्टा खोटं बोलत नाही. ज्या भोकात पिन बसते तिथे चामडं वाकतं, सुरकुती पडते, भोक लांबट होतं. गिऱ्हाइकाने न सांगता मी सांगू शकतो की हे घड्याळ आधी बापाचं होतं आणि आता मुलाकडे आलंय, कारण पट्ट्यावर दोन मनगटं दिसतात. या पट्ट्यावर दुसऱ्या भोकापाशी तिची सुरकुती होती, नाजूक, माझ्या ओळखीची. आणि सहाव्या भोकापाशी दुसरी होती. खोल, रुंद. भोक चांगलं ताणलेलं. आतल्या बाजूला घामाने चामडं काळवंडलेलं, आणि तो डाग बाईच्या मनगटाच्या मापाचा नव्हता. जाड, पुरुषाचं मनगट. एकदोनदा गंमत म्हणून घातलेलं नव्हे. रोज, तासन्‌तास घातलेलं.

मी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. सुरकुती तिथेच होती.

माझ्या हाताने कापलेल्या पट्ट्यावर परका पुरुष. मी शटर अर्धं ओढून घेतलं. दिवसा ते तिच्या हातात असायचं, ते मी बघत होतो. रात्री ती माझ्या शेजारी असायची. मग हे मनगट येतं केव्हा? मी झोपल्यावर? मला लवकर झोपवतात ते यासाठी? भिंतीकडे तोंड करून झोपवतात ते यासाठी? सगळे दाते एकमेकांत बसत गेले, चाकाला चाक लागलं, आणि यंत्र फिरायला लागलं. आयुष्यभर मी हेच काम केलं होतं. मला वाटलं, निदान हे काम तरी आपल्याला येतं.

पिन सरळ केली, पट्टा लावला, आणि बाहेर पडलो. वाटेत दिसेल त्या पुरुषाचं मनगट बघत होतो. किल्ल्यावाल्याचं चौथं भोक. दूधवाल्याचं पाचवं. तिचा भाचा तर काडीपैलवान, पहिल्यातसुद्धा सैल झालं असतं. सहावं भोक म्हणजे चांगला भरलेला माणूस. झोपमास्तर कसा दिसतो ते मी कधी बघितलं नव्हतं, पण आता डोळ्यांपुढे उभा राहिला. दणकट, केसाळ हाताचा, गोड बोलणारा.

हॉस्पिटलात त्याची खोली शोधायला वेळ लागला नाही. दार उघडं होतं. आत एक पलंग, त्यावर कडक इस्त्रीची चादर. त्या चादरीची घडी कुणी घातली असेल ते मनात आलं आणि मी दातावर दात दाबले. भिंतीला तारांचे झुबके टांगले होते आणि त्याखाली टेबलापाशी एक म्हातारा होता. बारका, खांदे पडलेले, डोक्यावर चार केस.

"झोपेची तपासणी करणारे ते कुठे भेटतील?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "बसा."

माझी नजर त्याच्या मनगटाकडे गेली. काटकुळं. त्यावर एक जुनं किल्लीचं घड्याळ होतं, पट्टा आवळता येईल तेवढा आवळलेला, तरी खाली घसरत होतं. आणि मागे पडलं होतं, चांगलं चार मिनिटं. इथवर मनात वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही या माणसाला लागू पडेना.

"एक घड्याळ आहे," मी म्हणालो, "रात्री ऑक्सिजन दाखवणारं. त्याचे आकडे खाली जातात. ऐंशी, ब्याऐंशी. म्हणजे काय समजायचं?"

त्याने खुर्ची पुढे सरकवली. आवाज खरोखरच शांत होता, तेही मला आवडलं नाही. "आधी घड्याळावर संशय घ्यायचा. पट्टा सैल असेल, हात उशीखाली दाबला गेला असेल, हात गार पडले असतील, तरी आकडा खाली दिसतो. एखादा खड्डा आला आणि गेला, तर सोडून द्यायचं. तुम्ही घड्याळं दुरुस्त करता ना?"

मी चमकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या खिशात चिमटा आहे. आणि आल्यापासून माझ्या हाताकडे बघताय." तो हसला. "मग तुम्हाला पटकन कळेल. एखाद्या दिवशी घड्याळ मागे पडलं तर तुम्ही ते उघडत नाही. पण रोज, पुन्हा पुन्हा, तसंच अडखळत असेल तर?"

"तर उघडावं लागतं."

"तसंच. आकडा उतरतो, मग झटकन चढतो, परत उतरतो. रात्रभर, फणीच्या दातांसारखी रेघ. आणि एक-दोन रात्री नाही, रोज. वर माणूस घोरतो, मधे थांबतो, दचकून श्वास घेतो, सकाळी डोकं धरून उठतो. मग घड्याळाला दोष देत बसायचं नाही. घड्याळाने आजार ठरत नाही, पण माणसाला इथे आणून या पलंगावर झोपवायला हवं, एवढं त्यावरून ठरतं. उपाय आहेत. वेळेवर आला तर."

"आणि नाही आला तर?"

"कुणी कुणी गाडी चालवताना झोपतं," तो म्हणाला. "कुणाच्या हृदयावर ताण येतो."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी त्याचं मनगट बघत होतो तसा तो माझी मान बघत होता. "कॉलरचं बटण लागतं का तुमचं?" त्याने विचारलं.

"मी माझ्याबद्दल विचारायला आलो नाही. ते घड्याळ माझ्या बायकोचं आहे."

"घड्याळ त्यांचंच आहे," तो म्हणाला. "बाकी मी काही सांगणार नाही. मला ज्यांनी विश्वासाने दाखवलं त्यांनाच विचारा. आणि रागावून विचारू नका. बाई फार दमल्या आहेत."

बाई फार दमल्या आहेत. माझ्या बायकोबद्दल मलाच सांगतो. मी उठलो, नमस्कार न करता निघालो.

रस्त्यावर आलो आणि डोकं भणभणायला लागलं. हा नाही. तो पट्टा याच्या मनगटाला दोनदा फिरला असता. म्हणजे हा नुसता मधला. म्हणजे कुणी तिसराच आहे, जाड मनगटाचा, घोरणारा, मधे थांबणारा, आजारी माणूस. आणि माझी बायको त्याच्यासाठी झिजतेय, त्याचे आकडे दाखवत फिरतेय, डोळे लाल करून घेतेय. खरं सांगतो, मला ते जास्त लागलं. नादी लागली असती तर मी भांडलो असतो. पण ती कुणाचीतरी काळजी करत होती. इतकी काळजी तिने माझी कधी केली होती, हे मला आठवेना. त्या माणसाचा मला असा हेवा वाटला की जीव जळून गेला. आजारी असूनही सुखी होता लेकाचा.

घरी आलो तेव्हा उजेड होता. ती नुकतीच कामावरून येऊन खुर्चीत बसली होती, चप्पलसुद्धा एकच काढलेली. मी घड्याळ तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"पिन झाली?" तिने विचारलं.

"झाली. आता तू सांग. हे दुसऱ्या भोकातलं मनगट तुझं. आणि हे सहाव्या भोकातलं कुणाचं?"

तिने पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती येईल म्हणून मी वाट बघत होतो. आलं ते हसू, तेही धड नाही, ओठाच्या एका कोपऱ्यात.

"तुम्हाला पट्ट्यावरून माणूस ओळखता येतो ना?"

"येतो."

"मग ओळखला नाहीत?"

"पुरुष आहे, जाड मनगटाचा. रोज रात्री घालतो. मी हॉस्पिटलात जाऊन आलोय, तुझे मास्तर नाहीत. बाजारातली सगळी मनगटं बघून झाली."

"सगळी?"

"सगळी."

"हात द्या," ती म्हणाली.

मी हात पुढे केला, तिला शपथ बिपथ घ्यायची असेल असं वाटून. तिने माझी बाही वर सारली, तो काळा चौकोन माझ्या मनगटावर ठेवला आणि पट्टा फिरवून आणला. बक्कलाची पिन तिने शोधलीसुद्धा नाही, तिच्या बोटांना पाठ होती. सहाव्या भोकात बसली. सुरकुती सुरकुतीवर गेली. कुठे सैल नाही, कुठे दाबत नाही. माझ्या हाताने मुद्दाम माप घेऊन केला असता तरी इतका नीट बसला नसता.

आयुष्यभर हातांनी काम केलं, आणि स्वतःच्या मनगटाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"तुम्ही झोपल्यावर घालते," ती म्हणाली. "उठायच्या आधी काढते. जागेपणी घातलं नसतंत. मेलो तरी घालणार नाही म्हणालात." तो शब्द उच्चारताना ती जरा अडखळली. "ऐकवलं नाही मला ते."

मी पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

तिने मोबाइल काढला आणि रात्रीची रेघ दाखवली. फणीचे दात. खाली, वर, खाली, वर. तिने बोट फिरवलं. "हा बघा, इथे तुम्ही उताणे झालात. उताणे झालात की हे सुरू होतं. इथे थांबलात, श्वासच नाही, मी हात धरून बसले. इथे घेतलात. आणि ही इथून सरळ झाली ना रेघ? इथे मी तुम्हाला कुशीवर वळवलं." बोट पुढे सरकलं. परत दात, परत सरळ तुकडा. "इथे लोड सरकला, परत वळवलं. हे पण मीच."

रेघेचा जेवढा भाग सरळ होता तेवढा तिचा होता. प्रत्येक सरळ तुकड्यापाशी ती जागी होती.

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाही. कधीकधी डोळा लागतो." हे तिने असं सांगितलं की जणू कामचुकारपणा पकडला गेलाय.

"मला उठवायचं तरी."

"उठवून काय सांगू? तुम्ही परत ताट सारून जाणार." मग तिचा आवाज बदलला. "दादा गेले तेव्हा जाऊबाई शेजारीच होत्या. सकाळी चहा घेऊन हाक मारायला गेल्या, तेव्हा कळलं त्यांना. अजून म्हणतात, मी शेजारी होते गं, आणि झोपले होते. मला ते नको होतं. काही झालंच, तर मी जागी असायला हवी."

मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो. मला दादाची खोली आठवली, वहिनीच्या हातातला कप आठवला. सुखाचं मरण म्हणालो होतो आपण. वहिनीला कुणी विचारलं होतं?

"मास्तरांनी पलंग राखून ठेवलाय," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल तेव्हा. मी धुवून इस्त्री केलेली चादर आहे, स्वच्छ आहे."

"बघितली मी," मी म्हणालो. "जातो."

तिने मान हलवली. तिला बहुतेक मी भांडेन असं वाटलं होतं, त्याची तयारी करून बसली होती बिचारी, आणि ती तयारी एकदम निकामी झाली. उरलेली चप्पल काढायला वाकली आणि वाकल्या जागी थांबली. मी चप्पल काढली. पाय उचलून स्टुलावर ठेवले. "आज रात्री तू झोप," मी म्हणालो, "मी जागा राहतो."

"तुम्ही जागे राहिलात तर आकडे कुठून यायचे?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "त्यापेक्षा..." पुढचं वाक्य आलं नाही. मान एका बाजूला गेली आणि ती झोपली.

मी तिथेच बसलो. इतक्या वर्षांत मी तिला गाढ झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं, कारण आधी झोपायचो मी आणि नंतर उठायचोही मीच. तिचा श्वास येत होता, जात होता. कुठे अडखळत नव्हता. चांगल्या घड्याळासारखा चालला होता.

टेबलावर मोबाइल वाजला. ती जागी होऊ नये म्हणून मी झटकन उचलला. झोपमास्तर. खाली मजकूर: "तुमचे यजमान येऊन गेले. येतील असं वाटतंय. आणि तुम्ही स्वतः थोडं तरी झोपताय ना?"

मला परत तीच आग लागली. हा प्रश्न माझा होता. तिच्या लाल डोळ्यांकडे मीच रोज बघत होतो, आणि विचारलं या म्हाताऱ्याने. एका जाड मनगटाच्या माणसाचा दुपारी मी हेवा केला होता, तो मूर्खपणा होता. हा हेवा मात्र खरा होता.

जाड बोटांनी मला लिहायला वेळ लागला. मनगटावरचा काळा चौकोन मधे मधे लाल लुकलुकत होता, तो मी काढला नाही. लिहिलं: "मी नवरा. ती झोपली आहे. मी जागा आहे."